माग तोच, नक्षी कोणाची?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी व टॉवेल विणणाऱ्यांना जेकार्ड हे नाव परके नाही. ताण्याचा कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे पूर्वी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे ठरवीत. आता पुष्कळ ठिकाणी ते काम इलेक्ट्रॉनिक जेकार्ड करते. कार्डांची माळ बदलली की त्याच मागावर मोराऐवजी वेल उमटते. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्यानेही बुशों, फाल्कों व वोकान्सों या पूर्वसूरींच्या युक्त्या एकत्र आणल्या होत्या. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात अशाच कार्डांची योजना केली. तेव्हा व्हिडिओ गेम्सचे मागाशी दूरचे का होईना, नाते आहे.

या खेळांवर नेहमी आक्षेप घेतला जातो, की सगळ्यांत तेच ते असते: भिंतीवरून धावणे, उड्या मारणे, शस्त्र फिरवणे. आक्षेप खरा आहे; परंतु तेवढ्यावरून निवाडा करणे आम्हांस उचित वाटत नाही. आपल्या पचिशीला इंग्लंडात सोपे रूप मिळाले, १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, आणि तोच लुडो २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ म्हणून मोबाइलवर आणला. खेळाची रीत कोणा एकाची मिरास नसते. प्रश्न एवढाच, की उसन्या रीतीतून नवा अर्थ विणला गेला काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली आलेला खेळ या कसोटीवर पाहण्याजोगा आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. राजी ही जत्रेत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवण्यासाठी ती निघते. तिच्या हालचाली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे, तर झुंजी ‘गॉड ऑफ वॉर’चे स्मरण करून देतात. तरीही तिचे खांबाला गिरकी घेणे उपरे वाटत नाही, कारण ती मुळात कसरतपटूच आहे. उसनी चाल येथे पात्राच्या स्वभावात मुरली आहे. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल आणि छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितलेली कथा यांमुळे नक्षी आपल्या मातीतली झाली आहे.

जेथे ही सांधेजोड सुटते, तेथे खेळ फिका पडतो. असुरांच्या टोळ्यांशी होणाऱ्या झुंजींत पुढेपुढे केवळ पुनरावृत्ती उरते. त्या झुंजी राजीच्या जागी अन्य कोणी लढला असता तरी बिघडले नसते. शेवटही घाईने गुंडाळल्यासारखा वाटतो. बहिणीच्या ओढीवर उभारलेल्या कथेत ही उणीव लहान नव्हे. मंडलाची वर्तुळे फिरवून राजीच्या आठवणी जुळवण्याची कोडी मात्र साधी असूनही मनात राहतात. कारण तेथे हाताने जे करायचे आणि मनाने जे आठवायचे, ते एकच आहे.

आमच्या मते अनुकरण व वारसा यांतील भेद येथेच आहे. चित्रे बदलून जुनाच खेळ नव्या नावाने विकणारा कार्डे बदलतो, सूत मात्र हलके घालतो. अशी चादर पहिल्या धुण्यातच ओळखू येते. घरातील मुले नवा खेळ मागतात, तेव्हा ‘यात नवे काय?’ एवढेच विचारून पालकांनी थांबू नये. ही मुलगी भिंतीवरून का धावते, कोणासाठी धावते, हे त्यांना विचारावे. त्याचे उत्तर मुलाला चटकन देता आले, तर त्या खेळात काही विणले गेले आहे असे खुशाल समजावे.