तीन पानांतला भागाकार

ई = एमसी² हे समीकरण ज्या निबंधातून जगासमोर आलं असं सांगतात, त्या निबंधात ते त्या रूपात कुठेच नाही. ‘अनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकाकडे २७ सप्टेंबर १९०५ रोजी पोचलेला आइन्स्टाइनचा हा निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. जूनमध्ये पाठवलेल्या सापेक्षतेवरच्या मोठ्या निबंधाचं शेपूटच म्हणा. शीर्षक प्रश्नार्थक आहे: पदार्थाचं जडत्व त्यात साठलेल्या ऊर्जेवर अवलंबून असतं का? विचारणारा सव्वीस वर्षांचा, बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ. प्रश्नचिन्ह देखाव्याचं नव्हतं. मित्र कोनराड हाबिश्टला लिहिलेल्या पत्रात त्याने देव आपली फिरकी तर घेत नाही ना, अशी शंका बोलून दाखवली होती.

निबंधाची खरी खुमारी मांडणीत आहे. एक स्थिर पदार्थ प्रकाश बाहेर टाकतो, पण दोन विरुद्ध दिशांना, अर्धी-अर्धी ऊर्जा. होडीतून एकाच अंगाला पोतं फेकलं तर होडी उलट सरकते. दोन्ही अंगांना एकदमच सारखी पोती फेकली तर जागची हलत नाही. तसा हा पदार्थ प्रकाश सोडूनही स्थिर राहतो. आता हीच घटना बाजूने एकसमान वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेने पाहायची. त्याला एका किरणाची ऊर्जा जास्त भरते, दुसऱ्याची कमी; किती, ते किरणांची दिशा आणि त्याची स्वतःची दिशा यांतल्या कोनावर ठरतं. पण दोन्हींची बेरीज केली की एका पदातला कोन अधिक, दुसऱ्यातला वजा, आणि कोन गणितातून गळूनच पडतो! किरण सरळ सोडा की तिरके, बेरीज तीच, आणि ती स्थिर निरीक्षकाच्या बेरजेपेक्षा किंचित जास्त. इथे दाद निघतेच.

ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? पदार्थाच्या गतिज ऊर्जेतून. दुसरं खातंच नाही. चालत्या निरीक्षकाला पदार्थ धावताना दिसतो, आणि प्रकाश सोडल्यावरही त्याचा वेग बदललेला नसतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मं. वेग तोच आणि ऊर्जा मात्र घटली, तर घटायला वस्तुमानच उरतं. किती घटलं? बाहेर पडलेली ऊर्जा भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. (ऊर्जेला इथे आइन्स्टाइन एल म्हणतो, प्रकाशवेगाला व्ही.) त्या वर्गाभोवती लोक उगाच गूढ वलय उभं करतात. सापेक्षतेची दुरुस्ती मंद वेगाला ‘वेग भागिले प्रकाशवेग’ या गुणोत्तराच्या वर्गातून येते. वरचा वर्ग गतिज ऊर्जेच्या सूत्रात खपतो, खालचा शिल्लक राहतो. बस्स, इतकंच.

तर निबंधात आहे तो भागाकार, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका. गुणाकार वाचला की नजर बॉम्बकडे जाते: एक ग्रॅम म्हणजे अडीच कोटी युनिट वीज. भागाकार वाचला की नजर चुलीवरच्या पातेल्याकडेही वळते. लिटरभर पाणी वाफ न दवडता उकळीपर्यंत तापवलं, तर ते ग्रॅमच्या सुमारे चार अब्जांशाने जड होतं. कुठलाही तराजू हे दाखवणार नाही, पण ऊर्जेला जडत्व असतं हे यातून जितकं नीट कळतं तितकं ‘वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर’ या पाठ्यपुस्तकी वाक्यातून कळत नाही.

उदाहरण फक्त प्रकाशाचं, पण एका वाक्यात आइन्स्टाइन निष्कर्ष सगळ्याच ऊर्जेला लागू करून मोकळा होतो. हे धाडस निबंधातल्या बीजगणिताहून मोठं आहे. निबंधाला एक दुबळी जागाही आहे. दोन निरीक्षकांना दिसणाऱ्या पदार्थाच्या ऊर्जांतला फरक म्हणजे गतिज ऊर्जा अधिक एक स्थिरांक, आणि हा स्थिरांक प्रकाश सोडताना बदलत नाही, हे आइन्स्टाइन झटकन गृहीत धरतो. १९५२ साली हर्बर्ट आइव्ह्जने ही सिद्धता चक्राकार असल्याचा आक्षेप घेतला. १९८२ मध्ये स्टॅशेल आणि टोरेटी यांनी त्याला उत्तर दिलं. मला उत्तर पटतं, पण आक्षेप वाचल्याशिवाय त्या ओळीवर पुरेसा वेळ थांबलं जात नाही, हेही खरं. खुद्द आइन्स्टाइनने १९४६ मध्ये वेगळी, सोपी सिद्धता दिली.

पडताळणीसाठी त्याने रेडियमच्या क्षारांकडे बोट दाखवलं होतं. आशा भाबडी होती: एक ग्रॅम रेडियम वर्षभर उष्णता देत राहिलं, तरी त्या उष्णतेपायी ग्रॅमचा एक कोटीवा भागही कमी होत नाही. पुढे १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉक्क्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन आदळले. लिथियमच्या अणुकेंद्राचे दोन अल्फा कण झाले, दोघांची मिळून ऊर्जा सुमारे १ कोटी ७० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आधीच्या आणि नंतरच्या वस्तुमानांतली तूट काढली, आणि त्या काळच्या मोजमापांच्या मर्यादेत हिशेब जुळला.