भावसरगम : नभोवाणीवरील नव्या गीताचा एक पुरस्कर्ता

मराठी भावगीताचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांची नावे घेतो. ते गीत श्रोत्यापर्यंत पोचवण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्या चौथ्याची दखल क्वचितच घेतली जाते. यशवंत देव (१९२६–२०१८) यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यातही हीच उणीव जाणवते. संगीतकार म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. परंतु आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून नव्या, चित्रपटनिरपेक्ष गीताचा त्यांनी जो पुरस्कार केला, त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

प्रथम पार्श्वभूमी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. आकाशवाणीवरून त्या गीतांचे प्रमाण घटवण्यात आले. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, या भूमिकेवरून निर्मात्यांशी वाद झाला आणि गीते जवळजवळ नाहीशीच झाली. परिणाम सर्वश्रुत आहे: श्रोता उठून सिलोन नभोवाणीकडे गेला आणि तेथे अमीन सयानी यांनी १९५२ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘बिनाका गीतमाले’ने त्याला धरून ठेवले. केसकरांची थट्टा करणे आज सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलीही आहे. परंतु रिकाम्या झालेल्या त्या वेळेत काही तरी वाजवणे भाग होते. म्हणून केंद्रोकेंद्री सुगम संगीताचे विभाग उभे राहिले, कवी व संगीतकार यांना काम मिळाले, आणि नवे गीत हे नभोवाणीच्या नित्य गरजेचे झाले. पुणे केंद्रावर १९५५–५६ मध्ये सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ‘गीतरामायण’ झाले. त्यालाही हाच काळ अनुकूल ठरला.

येथे इंग्लंडमधील एक उदाहरण सहज आठवते. बीबीसीच्या ‘रेडिओ वन’वर १९६७ पासून २००४ मधील मृत्यूपर्यंत जॉन पील या निवेदकाने अपरिचित वाद्यवृंदांना जे स्थान दिले, त्याचे मूळही एका निर्बंधातच होते. वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे बाजारातील ध्वनिमुद्रिका ठरावीक तासांपेक्षा अधिक वाजवता येत नसत. उरलेल्या वेळासाठी कलावंतांना ध्वनिमुद्रणगृहात बोलावून नवे मुद्रण करावे लागे. पीलच्या नावे प्रसिद्ध असलेली हजारो मुद्रणे या अडचणीची अपत्ये होत. तथापि साम्य येथेच संपते. पील स्वतः गात नव्हता, रचीत नव्हता. त्याच्यापाशी होती ती केवळ आवड आणि ती बोलून दाखवणारा आवाज. १९७८ मध्ये एका नव्या वाद्यवृंदाचे गाणे त्याने लागोपाठ दोनदा वाजवले, ही गोष्ट पुढे दंतकथेप्रमाणे सांगितली गेली. देव यांचे स्थान याहून निराळे. ते निवडणारेही होते आणि निर्मातेही.

या दुहेरी भूमिकेत त्यांच्या कार्याचे बळ आहे, आणि मर्यादाही. बळ असे की त्यांच्यापाशी गीताविषयी एक निश्चित विचार होता. ‘शब्दप्रधान गायकी’ या ग्रंथात त्यांनी तो मांडला आहे. भावगीतात स्वराने शब्दाच्या मागून जावे, गायकाने तान घेण्यापूर्वी ओळीचा अर्थ घ्यावा, हे त्यांचे सूत्र. ‘भावसरगम’मधून पुढे आलेले गीत ऐकताना हा विचार श्रवणातच प्रत्ययास येतो. इंदूरचे अरुण दाते हे वस्त्रोद्योगातील अभियंते, उर्दू गझलेच्या संस्कारात वाढलेले. मराठी गीत आपल्याला साधेल की नाही याविषयी ते स्वतःच साशंक. त्यांच्या आवाजात पल्लेदार तानांचा सोस नव्हता, शब्द मात्र कुजबुजल्याइतका जवळ येई. मैफलीच्या कसोटीवर हा आवाज कदाचित मागे पडला असता. ध्वनिक्षेपकासमोर तो पुढे आला. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची रचना आणि दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर यांतून १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आलेले ‘शुक्रतारा’ हे या निवडीचे सर्वांत ठळक फळ. स्वतः देव यांनी दाते यांच्यासाठी केलेल्या रचनांत हेच सूत्र अधिक निग्रहाने पाळलेले दिसते. कधी कधी, माझ्या मते, जरुरीपेक्षा अधिक निग्रहाने.

मर्यादेकडे वळू. पाडगावकर, खळे आणि देव हे तिघेही आकाशवाणीशी नोकरीच्या नात्याने जोडलेले होते. पुरस्कार करणारा आणि ज्याचा पुरस्कार होतो तो, हे एकाच इमारतीत वावरत. त्यातून उत्तम गीते निर्माण झाली याबद्दल शंका नाही. पण ‘नवे’ म्हणजे काय, हे त्या वर्तुळाच्या अभिरुचीनेच ठरले. संयत, मध्यमवर्गीय, प्रमाणभाषेतील प्रेमकाव्य हा त्याचा गाभा. भावगीताच्या आरंभीच्या टप्प्यावर ज्यांच्या कवितेने मोहिनी घातली ते ना. घ. देशपांडे विदर्भातील मेहकरचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे हे वर्तुळ पुढे किती आकसले ते कळते.

सावलीसारख्या तालुक्याच्या गावी बसून हा विचार करताना प्रश्न अधिक टोकदार होतो. मध्यम लहरींचा पल्ला दिवसा थोडा. त्यामुळे या भागाला जवळचे केंद्र म्हणजे १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे. मुंबईचे नवे गीत येथे येई ते बहुधा ध्वनिमुद्रिकेवरून, उशिरा. त्याच वेळी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, धानाची कापणी उरकल्यावर, झाडीपट्टीच्या नाटकांतून रात्रभर गाणी होत होती. ती गाणी परंपरागत नव्हेत. दर हंगामाला नाटक नवे, म्हणून पदेही नवी. त्यांना लिहिणारा असतो, चाल बांधणारा असतो. प्रेक्षक त्यांना नावाने ओळखतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीचे नाव दूरवर गेले. पण तिची गाणी करणारे अद्याप अनामच आहेत.

नभोवाणीच्या व्यवस्थेत शास्त्रीय, सुगम आणि लोकसंगीत अशा पृथक श्रेणी होत्या. सुगम संगीताच्या श्रेणीत कवीचे नाव गायकाइतक्याच आदराने उच्चारले जाई. मराठी कवितेवर हे नभोवाणीचे मोठे ऋण आहे आणि देव यांच्यासारख्या शब्दाला मान देणाऱ्या अधिकाऱ्याचा त्यात वाटा आहे. परंतु लोकसंगीताच्या श्रेणीत गेलेले गीत समूहाचे ठरते, काल रचलेलेसुद्धा. झाडीबोलीतील एखादे नवे पद त्या दारातून आत शिरले, की त्याचा कर्ता दाराबाहेरच राहतो.

याचा दोष देव यांच्यावर ठेवणे अन्यायाचे होईल. श्रेणी त्यांनी ठरवल्या नव्हत्या, आणि त्यांच्या केंद्राचे क्षेत्रही हे नव्हते. परंतु त्यांचे जे सूत्र, शब्द आधी आणि स्वर मागून, ते झाडीपट्टीच्या पदाला तंतोतंत लागू पडते. तेथे शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द कळला नाही तर प्रयोग पडतो. ‘शब्दप्रधान गायकी’चा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एक रात्र वडशाच्या एखाद्या मंडळीच्या प्रयोगाला बसून, पदे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकाखाली कर्त्याचे नाव विचारून लिहावे.