कुलाब्याचें गॅझेटियर : एक परीक्षण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांस वाहिलेला अकरावा खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें, तरी या खंडाची योग्यता उणावली नाहीं. ह्या किनाऱ्याविषयीं ज्यास कांहीं लिहावयाचें आहे, त्यास अद्यापि प्रथम याच ग्रंथाच्या दारीं जावें लागतें.

ही योग्यता मान्य करूनही एक मूलगामी दोष दाखविणें प्राप्त आहे. ग्रंथाची मांडणी कारभाराच्या सोयीची आहे. भूवर्णन एका प्रकरणांत, व्यापार दुसऱ्यांत, इतिहास तिसऱ्यांत व स्थलवर्णनें शेवटीं. चौलचेंच उदाहरण घ्यावें. टॉलेमीस ठाऊक असलेलें, १५०८ सालीं पोर्तुगीज आरमाराचा पराभव पाहिलेलें व १७४० सालीं मराठ्यांच्या हातीं आलेलें हें बंदर कुंडलिकेच्या मुखाशींच कां वाढलें, याचें उत्तर वाचकांस निरनिराळीं प्रकरणें चाळून स्वतःच जुळवावें लागतें.

याहून मोठा प्रश्न सीमेचा. पुण्याचा अठरावा खंड १८८५ चा व सर्वस्वीं निराळा. सह्याद्रीच्या कड्याशीं दोन्ही पुस्तकें थबकतात. इतिहास मात्र तेथें थबकला नव्हता. इंद्रायणी लोणावळ्यानजीक उगम पावते, पण जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून देहू, चिखली, आळंदी यांवरून पूर्वेस भीमेकडे जाते. पाणी पूर्वेस गेलें, माल घाट उतरून पश्चिमेस गेला. कार्लें, भाजें, बेडसें येथील लेणीं घाटमाथ्यापासून फार दूर नाहींत आणि कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत. बंदरांवांचून त्या लेखांचा उलगडा होत नाहीं, तसाच देशावरील बाजारांवांचून बंदरांचाही होत नाहीं. बोरघाटाखालचें कर्जत त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होतें, तें पुढें कुलाब्यांत आलें. नकाशावरील रेघ हलली; घाट होता तेथेंच राहिला.

कोणी म्हणेल कीं, सरकारी ग्रंथास सरकारी सीमा असणारच. तें खरें, वसुली जिल्हावार होते, म्हणून कॅम्बेल यांस दोष देतां येत नाहीं. परंतु त्यांच्या सामग्रीवर पुढें लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनीं तीच चौकट निमूटपणें कां उचलावी? खाडीच्या मुखापासून घाटवाटेनें देशावरील बाजारापर्यंत एकसलग लिहिलेला एखादा ग्रंथ मराठींत होईल, तर किनारा व देश हीं एकाच संसाराचीं दोन अंगें होत, हें आपल्या मुलांस पाठ न करतांही समजेल.