ठिपक्यांना चेहरा देणारी पुस्तकं

व्हिडिओ गेमवरून निघालेल्या बालपुस्तकांची दखल समीक्षेनं फारशी घेतली नाही. डबे, टी-शर्ट, स्टिकर यांच्याच रांगेतला हा माल, असं धरून चालायची रीत आहे. माल तर तो होताच. पण १९८० ते १९९५ या काळात या मालानं चित्रकारांपुढे एक अस्सल पेच टाकला: ज्याला धड चेहरा नाही, त्याचं चित्र काढायचं कसं?

मारिओचंच बघा. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांच्या हाताशी मोजके ठिपके होते. केस नीट दाखवता येईनात म्हणून टोपी आली, तोंड काढायला जागा नाही म्हणून मिशी आली आणि हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा ओव्हरऑल आला. हा सगळा पेहराव अडचणीपोटी जन्मलेला. पुस्तकाच्या चित्रकाराची मात्र यातून सुटका नव्हती. मिशीखाली ओठ हवेत, डोळ्यांत भीती हवी, नायक पाठमोराही दिसायला हवा. तोरू इवातानी यांचा पॅक-मॅन (१९८०) तर पडद्यावर नुसतं पिवळं वर्तुळ आणि त्याचा उघडमिट करणारा जबडा. त्याला हात, पाय, डोळे दिले ते जाहिरातींच्या, कार्टूनच्या आणि पुस्तकांच्या चित्रकारांनी.

१९४२पासून स्वस्त चित्रपुस्तकं घरोघर पोचवणाऱ्या अमेरिकेतल्या गोल्डन बुक्सनं १९८९मध्ये मारिओ आणि झेल्डा या गेमवर पुस्तकं काढली, तोवर वारं फिरलं होतं. ‘हायडी’ या गाजलेल्या जपानी मालिकेची पात्रं रेखाटणारे योइची कोताबे १९८५मध्ये मारिओच्या निर्मात्या कंपनीत, निन्टेन्डोत आले होते. त्यांच्या गोलसर, प्रसन्न रेषेनं मारिओला कायमचं रूप दिलं. चित्रकार म्हणून कोताबे या साऱ्यांत उजवेच. पण अधिकृत रूप ठरलं की बाकीच्यांकडे उरतं ते गिरवणं. आधीची चित्रं बेढब असतील, पण त्यांत चित्रकाराचा स्वतःचा अंदाज दिसतो.

मजकुराची बाजू मात्र लंगडीच. स्कोलास्टिकनं १९९०मध्ये आणलेली, सेथ गोडिन यांच्या कल्पनेतली ‘वर्ल्ड्स ऑफ पॉवर’ मालिका याचा नमुना आहे. ‘मेटल गिअर’च्या मुखपृष्ठावर गेमच्या खोक्यावरचंच चित्र वापरलं, पण मुलांसाठी म्हणून नायकाची बंदूक पुसली. हात तसाच आवळलेला, मुठीत काहीच नाही. आतही तीच तऱ्हा: युद्धकथा हवी, पण हिंसा नको. खेळाचा थरार गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. गेममधली गोष्ट म्हणजे हरणं आणि पुन्हा सुरुवात करणं. सरळ पुढं जाणाऱ्या गोष्टीत नायक हरतच नाही, मग खेळाचा जीव त्यात उतरणार कसा? हे ओळखलं ते १९९१–९२च्या ‘निन्टेन्डो अ‍ॅडव्हेंचर बुक्स’नं. यात वाट वाचकानं निवडायची, कोडी सोडवायची आणि चुकलं की खेळ खल्लास. पुन्हा मागची पानं उलटा. भाषा बेताचीच, पण खेळाचा स्वभाव या पुस्तकांनी नेमका पकडला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात मारिओ बहुतेक घरांत पोचला तो नकली यंत्रांमधून आणि ‘नाइन्टी नाइन इन वन’ छापाच्या कॅसेटमधून. ही पुस्तकं त्याच्यामागून आली नाहीत. त्यामुळे आज त्यांच्याकडे बघताना बालपणीच्या आठवणींचा गहिवर आडवा येत नाही, हे बरंच आहे.

आता गेमच नायकाच्या मिशीचा केस न् केस दाखवतो. त्यामुळे पुस्तकांत अनेकदा कंपनीकडून आलेलं तयार चित्र चिकटवलेलं असतं आणि चित्रकाराला भरायला जागाच राहत नाही. या प्रकारात पुन्हा काही बघण्याजोगं घडायचं असेल, तर परवाना देणाऱ्यांनी आपली नमुनाचित्रं बाजूला ठेवून चित्रकाराला चुकायची मुभा द्यायला हवी.