संवादाचे व्याकरण कोण वाचणार?

भाषाविज्ञान आणि साहित्यसमीक्षा यांनी एकत्र काम करावे, ही मागणी नवी नाही. १९५८ साली इंडियाना विद्यापीठातील परिषदेत रोमान याकोबसन यांनी काव्यशास्त्र हे भाषाविज्ञानाचेच अंग आहे, असे ठामपणे मांडले. पुढे १९६२ मध्ये त्यांनी क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्यासह बोदलेअरच्या मांजरांवरील सुनीताचे अक्षरन् अक्षर तपासले. त्यावर मायकेल रिफातेर यांनी घेतलेला आक्षेप आजही लागू आहे: व्याकरणात सापडलेली प्रत्येक जुळणी वाचकाला जाणवतेच असे नाही. जी जाणवत नाही, तिला काव्यदृष्ट्या काय किंमत?

मराठीत या वाटेवर मोलाचे काम झाले आहे. अशोक केळकरांनी ध्वनीपासून साहित्यव्यवहारापर्यंतचा विचार एका सूत्रात आणला. भालचंद्र नेमाड्यांनी ‘साहित्याची भाषा’ हा स्वतंत्र अभ्यासविषय केला. दिलीप धोंडगे यांनी तुकोबांच्या अभंगांची शैलीमीमांसा केली. यातले बहुतेक बळ कवितेच्या वाट्याला आले, आणि तिथे त्याचे फळही दिसते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. ही झाली मोजणी. यमकाने बांधलेल्या दोन चरणांनंतर चौथा लवकर संपतो, म्हणून तिथे आलेला शब्द निकालासारखा पडतो, हे सांगितले की मोजणीची समीक्षा होते. मर्ढेकरांनी यंत्रयुगाचे शब्द संतांच्या छंदात बसवले, तेव्हा भक्तीची लय आणि श्रद्धा हरवलेला आशय यांचा ताण वाचकाच्या कानालाच जाणवतो. छंद बाजूला ठेवून केलेल्या आशयचर्चेत हा ताण हाती लागत नाही.

नाटकाच्या बाबतीत मात्र आपण फार मागे आहोत. नाट्यसमीक्षा विषय, सामाजिक आशय आणि प्रयोग यांवर भरभरून लिहिते. संवादाच्या रचनेची बोळवण ‘चटपटीत’, ‘धारदार’ अशा विशेषणांवर होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला, उत्तर कोणी द्यायचे, कोण कोणाला ‘अहो-जाहो’ करते आणि कोणत्या क्षणी ‘अरे-तुरे’वर येते, हे कोणी नोंदवत नाही. नाट्य घडते ते इथेच.

जे. एल. ऑस्टिन यांनी बोलणे ही कृती असते असे दाखवले. पण नटाने रंगमंचावर उच्चारलेले शब्द त्यांनी पोकळ ठरवून बाजूला ठेवले. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे या मताला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर आहे. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला साक्ष, आरोप, उलटतपासणी अशा न्यायालयीन उच्चारांच्या जोरावरच खरा होत जातो. सुखात्म्यांना प्रश्नांचा हक्क मिळतो तो वकिलाच्या भूमिकेतून. सुरुवातीला सर्वांत मोकळी बोलणारी, या खटल्यातली आरोपी बेणारे तिसऱ्या अंकात बराच वेळ गप्प असते आणि तिचे मौनच तिच्याविरुद्ध जाते. शेवटचे दीर्घ स्वगत ती बोलते तेव्हा बाकीची पात्रे गोठलेली आहेत. त्या सभेत तिला ऐकणारा कोणी उरलेला नाही. ऐकतो तो प्रेक्षक. स्त्रीवरचा अन्याय हा या नाटकाचा विषय, हे सर्वांनी सांगितले. तो अन्याय संवादाच्या नियमांतून कसा चालवला जातो, हे दाखवायला भाषाविज्ञानच हवे.

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त वऱ्हाडी आणि मुंबईची भाषा एका छपराखाली येतात. तिथेही कुटुंबातली दुरावलेली नाती बोलीभेदातून वाचता येतील.

त्यासाठी विद्यापीठांत भाषाविज्ञानाची पत्रिका आणि नाटकाची पत्रिका वेगवेगळ्या शिकवणे थांबले पाहिजे. विद्यार्थ्याने एक प्रवेश घ्यावा, त्यातले प्रश्न, संबोधने, विराम आणि तोडलेली वाक्ये नोंदवावीत आणि प्रत्येक नोंदीला विचारावे: हिच्यामुळे माझे वाचन बदलले का? बदलले नसेल, तर नोंद वगळावी. एवढी शिस्त पाळली, तर मराठी नाट्यसमीक्षा विशेषणांतून सुटेल आणि आपल्या नाटककारांनी संवादात किती काम करून ठेवले आहे, ते आपल्याला पुराव्यानिशी सांगता येईल.