जोडशिल्पातील समासविचार

टाकून दिलेल्या वस्तूंच्या जोडणीतून घडणाऱ्या शिल्पास पाश्चात्त्य समीक्षेत 'असेंब्लाज' म्हणतात. झाँ द्युब्युफे याने १९५३ च्या सुमारास वापरलेली ही संज्ञा न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६१ साली भरलेल्या प्रदर्शनाने रूढ केली. आपण त्यास जोडशिल्प म्हणू.

पालघर परिसरात या प्रकाराचे मूळ शोधू लागल्यास वारल्यांचा तारपा सहज सुचतो. भोपळा, बांबू, ताडाचे पान व मेण यांची ती जोडणीच होय. परंतु हे साम्य वरवरचे आहे. तारप्यातील भोपळ्यास मानवी व्यवहारातील अर्थ तेथे प्रथमच लाभतो. भंगारातील वस्तू मात्र एक अर्थ भोगून आलेली असते. तारपा हा वर्णांपासून घडलेला शब्द, तर जोडशिल्प हा सिद्ध पदांचा समास होय. समासात पदाची विभक्ती लोपते, अर्थ उरतो. टाकलेल्या वस्तूचेही तसेच; तिचे कार्य संपते, स्मृती संपत नाही.

या स्मृतीचे काय करावयाचे, हाच खरा प्रश्न आहे. पिकासोने १९४२ साली सायकलची बैठक व हँडल जोडून बैलाचे मस्तक साधले. तो बहुव्रीही होय: दोन्ही पदे गौण, प्रधान अर्थ तिसराच. उलट विवान सुंदरम यांनी २००८ च्या 'ट्रॅश' या कृतिमालेत कचऱ्याचे नगर रचले, तेव्हा प्रत्येक डबा डबाच राहिला. तो समाहारद्वंद्व होय. 'भाजीपाला' या शब्दाप्रमाणे तेथे दिसणारी पदे न दिसणाऱ्यांचाही निर्देश करतात. कचरा वेचणारे हातही त्यात येतात.

बोईसर-तारापूरच्या भंगारासंबंधी हा भेद केवळ पारिभाषिक राहत नाही. येथील औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न मच्छीमार संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आहे. अशा ठिकाणचे गंजलेले पिंप बैलाचे पोट म्हणून चपखल बसेलही. पण त्यात पूर्वी काय साठविले होते, ते कोणी उचलले, हे विसरावयास लावणारे चापल्य मोठे म्हणता येणार नाही. बहुव्रीही त्याज्य आहे असे नव्हे. मात्र त्याचा विग्रह प्रेक्षकास करता आला पाहिजे. 'विग्रह' म्हणजे मूर्ती आणि 'विग्रह' म्हणजे समासाची फोड; जोडशिल्पाने या दोन्ही अर्थांस उतरावे, हीच त्याच्या मूल्यमापनाची कसोटी होय.