तिरप्या ठळक अक्षरांचा सोस

पुण्यांत हल्लीं लग्नपत्रिका घ्या, व्याख्यानमालेचें हस्तपत्रक घ्या किंवा दुकानाची पाटी पाहा. मथळ्याचीं अक्षरें जाड आणि उजवीकडे कललेलीं वारंवार आढळतात. हा कल रोमन मुद्रणांतून आला. १५०१ सालीं व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनें व्हर्जिलचें काव्य ज्या तिरप्या टाइपांत छापलें, तो फ्रांचेस्को ग्रिफोनें विद्वानांच्या धांवत्या हस्ताक्षरावरून कोरिला होता. उभें अक्षर नुसतें ढकलून तो सिद्ध झालेला नव्हता. आमच्याकडे नेमकें हेंच विसरलें गेलें.

नागरीचें वळण बोरूनें ठरविलेलें आहे. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो. त्यामुळें उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. संगणकाकडून असें अक्षर कलविलें कीं जाड रेघ लांबून रोडावते, बारीक रेघ उभी होऊन फुगते, आणि डोळ्यास सुखविणारा जो ताल तोच बिघडतो. शिरोरेघ आडवीच राहते. तिच्यावरील मात्रा नि अनुस्वार पुढें सरकतात, खालचा उकार मागें पडतो. ठळक अक्षरांत मोकळी जागा आधींच थोडी. मग मात्रा कोणाची, हें वाचकानें संदर्भावरून ओळखावें! कांहीं हौशी लोक रोमन अक्षराच्या पायाशीं असतात तशा पट्ट्याहि नागरीच्या दंडाखालीं बसवितात. त्यांविषयीं न बोललेलें बरें.

खिळ्यांच्या काळीं हा मोह आपोआप आवरला जाई. जोडाक्षरें धरून नागरीचे खिळे शेंकडों. ते कमी व्हावे म्हणून खुद्द टिळकांनीं खटपट केली. तेथें तिरप्यांचा आणखी एक संच कोण ओतणार? निर्णयसागरसाठीं राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेलें अक्षर आजहि वाखाणलें जातें, तें त्याच्या उभ्या डौलामुळें.

आमची खरी धांवती लिपि मोडी. सेरामपूरच्या केरीसाहेबांच्या १८१० च्या मराठी कोशांत ती टाइपांतहि उतरली होती. मराठी तिरपा टाइप घडवावयाचाच असेल तर कारागिरानें मोडीचे कागद समोर ठेवावे. तिचीं अक्षरें घेतां येणार नाहींत, कारण तीं आज फार थोड्यांस वाचतां येतात. पण हात न उचलतां लिहिणाराची गति तेथें दिसते.

कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकांचीं शीर्षकें हातानें रेखीत. शीर्षक चार-सहा अक्षरांचें. मात्रा कोठें बसावी, दंड किती कलावा, हें तेथें डोळा आणि हात ठरवितात. ठळक तिरप्या अक्षराचें योग्य स्थान मला तेंच वाटतें.

मजकुराच्या पोटांत मात्र त्याचें काम काय? इंग्रज लेखक भर द्यावयाचा शब्द तिरपा छापतो; मराठीजवळ 'च' आहे. 'तोच', 'येथेंच' म्हटल्यावर अक्षर वांकविण्याचें कारण उरत नाहीं. विद्यार्थ्यांच्या निबंधांत हल्लीं 'च'हि असतो, अक्षरहि तिरपें असतें, आणि त्याखालीं रेघहि ओढलेली असते.